साकाए : चौदा सिलिंडरचे विमानाचे इंजिन

दुसऱ्या महायुद्धात जपानकडे ‘झीरो’ नावाचे लढाऊ विमान होते. त्याच्या नाकात नाकाजिमा कंपनीचे ‘साकाए’ इंजिन असे. साकाए म्हणजे भरभराट.

आपल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला बहुधा एकच सिलिंडर असतो. साकाएला चौदा! बैलगाडीच्या चाकाला जसे आरे, तसे ते गोल मांडलेले. सात पुढे आणि सात त्यांच्या मागे. गार करायला पाणी नाही. फटफटीच्या इंजिनावर असतात तशा पातळ पट्ट्या प्रत्येक सिलिंडरवर असतात, त्यांतून समोरचा वारा जातो. पाण्याचे ओझे वाचते. सुरुवातीच्या झीरोमधल्या इंजिनाची ताकद सुमारे ९४० अश्वशक्ती होती.

पण एका रांगेत सातच का, आठ का नाहीत? इथे मी अडले. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. शेवटी आम्ही सात जणी रिंगण करून बसलो आणि एक सोडून एकीने टाळी वाजवली. १, ३, ५, ७, मग २, ४, ६. दोन फेऱ्यांत प्रत्येकीची एक टाळी, कुठे खंड नाही. आठवी बसली तेव्हा मात्र १, ३, ५, ७ आणि परत १! बाकीच्या चौघी नुसत्या बघत राहिल्या. बसून बघा, लगेच कळतं.

एवढं मोठं इंजिन, पण तेलावाचून लाचार. ४ जून १९४२ रोजी तादायोशी कोगा हा १९ वर्षांचा वैमानिक अलास्कातल्या डच हार्बरवर हल्ला करायला गेला होता. खालून आलेल्या गोळीने त्याच्या इंजिनाची तेलाची नळी फुटली. इंजिन जाम होण्याआधी उतरावं म्हणून त्याने अकुतान बेटावर सपाट गवत पाहून विमान टेकवले. गवताखाली दलदल होती. चाके रुतली, विमान उलटले आणि कोगा मेला.

पडलेले विमान शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते गोळ्या घालून नष्ट करायचे, असा सोबत्यांना हुकूम होता. पण कोगा जिवंत असेल, या आशेने दोघांनी गोळी झाडली नाही.

जुलैमध्ये ते विमान अमेरिकनांना सापडले. त्यांनी दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये सान दिएगोला उडवले. तेव्हा कळले, की नाक एकदम खाली करून सूर मारला की कार्बोरेटरमधले पेट्रोल वर उसळते आणि साकाए बंद पडते. मग झीरो मागे लागला की असाच सूर मारा, असे अमेरिकन वैमानिकांना सांगण्यात आले.

सोबत्यांनी हुकूम मोडला ते मला बरोबर वाटतं. आमच्या वर्गात मात्र यावरून दोन तट पडले आहेत.