मोड मागणारे गिऱ्हाईक

रात्री दुकान बंद करताना रोखपाल गल्ला मोजतो आणि हिशेबात शंभर रुपये कमी भरतात. दिवसभरात कोणी पैसे हिसकावून नेलेले नाहीत, गल्ल्याचा खण उघडा राहिलेला नाही, खोटी नोटही आलेली नाही. तरीही शंभर रुपये गेले आहेत, आणि ते त्याने स्वतःच्याच हाताने मोजून दिलेले आहेत. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी बाजारातील एक साधा प्रसंग पाहू.

संध्याकाळची गर्दीची वेळ आहे. एक सभ्य दिसणारे गिऱ्हाईक साबणाची वडी घेते, तिचे पैसे चुकते करते आणि जाता जाता म्हणते, "माझ्याकडे दहादहाच्या दहा नोटा आहेत. तुम्हाला मोड लागतच असेल. मला शंभराची एक नोट द्या." आपल्या देशातील कोणत्याही दुकानात सुट्या पैशांची चणचण नित्याची असल्यामुळे असे गिऱ्हाईक रोखपालाला देवासारखेच वाटते. तो शंभराची नोट पुढे करतो. गिऱ्हाईक ती घेते आणि दहाच्या नोटांची चळत देते. मोजून पाहता नोटा नऊच भरतात. रोखपाल तसे सांगतो. गिऱ्हाईक ओशाळते. "अरेच्चा, चुकलेच. ही घ्या दहावी. नाहीतर असे करा, हे शंभर झाले, आणि ही शंभराची नोट घ्या, मिळून दोनशे. मला दोनशेची एकच नोट द्या, म्हणजे मिटले." रोखपाल मनात ९०, १० आणि १०० यांची बेरीज करतो, ती बरोबर येते, आणि तो दोनशेची नोट देऊन टाकतो.

बेरीज बिनचूक आहे. चूक आहे ती त्यातील एका रकमेच्या मालकीविषयी. गिऱ्हाइकाने 'ही घ्या' म्हणून पुढे केलेली शंभराची नोट दुकानाचीच होती. क्षणापूर्वी ती गल्ल्यातून बाहेर आली होती आणि तिच्याबद्दलचे पैसे अद्याप पुरते चुकते झालेले नव्हते. सारा व्यवहार कागदावर मांडला, तर दुकानातून प्रथम १०० व नंतर २०० असे ३०० रुपये गेले आणि ९०, १० व १०० मिळून २०० रुपये आले. कागदावर हे शाळकरी मुलालाही दिसते. गल्ल्यावर दिसत नाही, कारण तेथे दोन व्यवहार एकमेकांत गुंतविले गेले आहेत.

नववी नोट देऊन थांबणे हा विसरभोळेपणा नव्हे, साऱ्या युक्तीची खुंटी तीच आहे. नोट कमी आहे हे आपण पकडले, या समाधानात रोखपालाची सावधगिरी खर्ची पडते. शिवाय पहिला व्यवहार उघडा राहतो आणि दुसरा त्यात शिरू शकतो. ही युक्ती आपल्याच बाजारातील आहे असे मात्र नाही. १९७३ च्या 'पेपर मून' या अमेरिकी चित्रपटात डॉलरच्या नोटांची अशीच अदलाबदल दाखविली आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशेची नोट चलनात आली आणि शंभराची दुप्पट एकाच नोटेत मागण्याची सोय झाली, इतकेच.

यंत्राचा येथे फारसा उपयोग होत नाही. ओहायो राज्यातील डेटन येथे मद्यगृह चालविणाऱ्या जेम्स रिटी याने १८७९ मध्ये रोख नोंदविणारे यंत्र तयार केले, ते आपल्याच नोकरांच्या हातावर लक्ष ठेवण्यासाठी. समोरून येणाऱ्या हाताविषयी ते यंत्र मुकेच राहते.

उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: एक व्यवहार पुरा झाल्यावाचून दुसरा हाती घ्यावयाचा नाही. मोड करून द्यावयाची झाली, तर आधी गिऱ्हाइकाच्या नोटा घ्याव्यात, मोजाव्यात, आणि मगच आपली नोट सोडावी. मध्येच बेत बदलला, तर दोन्ही बाजूंच्या नोटा ज्याच्या त्याला परत करून प्रारंभापासून सुरुवात करावी. यात संकोच वाटण्याचे कारण नाही, पण तो वाटतो, आणि मागे खोळंबलेली रांग तो वाढवते. किंबहुना फसविणारा गर्दीची वेळ निवडतो ती याचसाठी.

दुसरा प्रकार दाव्याचा. गिऱ्हाईक शंभराची नोट देते आणि उरलेले पैसे हाती पडताच म्हणते, "मी पाचशेची दिली होती, तिच्या कोपऱ्यावर शाईने अमुक आकडा लिहिलेला आहे." खण उघडून पाहावे, तर तशी नोट खरोखरच निघते! ती अर्ध्या तासापूर्वी त्याच्याच साथीदाराने खर्चलेली असते. आकड्यावरून नोट गल्ल्यात आहे एवढेच सिद्ध होते. ती कोणी दिली हे नव्हे. म्हणून अनुभवी रोखपाल नोट घेताना "शंभर दिले" असे मोठ्याने म्हणतो आणि मोड हातावर मोजून देईपर्यंत ती खणात न टाकता वजनाखाली समोरच ठेवतो. तरीही वाद उभा राहिला, तर दुकानमालकासमोर गल्ला मोजण्याची तयारी दाखवावी.

तुटीचा भार कोणी सोसावा, हा प्रश्न उरतो. पुष्कळ दुकानांत ती रक्कम मुकाट्याने पगारातून कापली जाते, आणि तुटपुंज्या पगाराच्या माणसाला पाचशे रुपये म्हणजे अनेक दिवसांचा भाजीपाला असतो. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने अशी कपात नोकराच्या हयगयीमुळे थेट झालेल्या नुकसानीपुरतीच मर्यादित केली होती, आणि कपातीपूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे मालकावर बंधनकारक केले होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद कायम आहे. तेव्हा तूट आढळली की त्याच रात्री तारीख, वेळ, रक्कम आणि घडलेला प्रसंग वहीत लिहून त्याखाली मालकाची सही घ्यावी.