दोन समुद्रांच्या देशात डबा कोरडा राहतो कसा?

‘बहरीन’ म्हणजे दोन समुद्र. चहूकडे खारे पाणी, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारी दमट हवा, पाऊस मात्र सरासरीने वर्षाला दहा सेंटिमीटरही नाही. तरीही गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या किंवा पंपाच्या ‘वॉटरप्रूफ’ डब्यात पाणी सापडते. ते शिरते कुठून? पुष्कळदा डबा स्वतःच ते आत ओढून घेतो!

आधी गॅस्केटचे काम पाहू. डब्याची कड आणि झाकण डोळ्यांना कितीही सपाट दिसले, तरी सूक्ष्म पातळीवर तिथे डोंगरदऱ्याच असतात. मधे रबर ठेवून स्क्रू आवळले की रबर त्या दऱ्यांत दाबून बसते. रबराचा पृष्ठभागावरचा दाब बाहेरच्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्त आहे, तोवर पाण्याला वाट नाही. कुकरची रिंग हेच करते. म्हणजे पाणी अडवते ते रबराची परत उसळू पाहण्याची ओढ. वर्षानुवर्षे उष्णतेत दबून राहिले की ही ओढ संपते, आणि जुनी रिंग चपटीच राहते.

आता हवेकडे वळू. बहरीनच्या उन्हात गडद रंगाचा बंद डबा ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला आणि आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला, असे समजा. कोणीतरी गच्ची धुताना त्यावर पाइपने पाणी मारले आणि आतली हवा ३० अंशांवर आली. केल्विनमध्ये मोजले तर ३३८ वरून ३०३. बंद डब्यातला दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तो सुमारे १० टक्क्यांनी घसरला. वातावरणाच्या दाबाचे १० टक्के म्हणजे जवळपास एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. डबा गच्चीवरच आहे, पण गॅस्केटच्या दृष्टीने तो एक मीटर पाण्याखाली गेला. रबर कुठे ढिले असेल, तर तिथेच पाणी आत खेचले जाते. कधी ते केबलमधल्या बारीक तारांच्या फटींतूनही येते.

डब्यावर लिहिलेले ‘आयपी ६७’ इथे कामाला येत नाही का? त्यातला ६ धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी: एक मीटर खोलीत ३० मिनिटे. पण या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसावा, असा नियम आहे. आपल्या डब्याला मात्र ३५ अंशांचा झटका बसला. शिवाय ७ आकडा मिळाला म्हणजे पाण्याचा जोरदार फवाराही सोसेल असे नाही. त्यासाठी ५ आणि ६ या वेगळ्या चाचण्या आहेत.

पाणी मारले नाही, तरी रोजचे ऊन आणि रात्र पुरेशी असतात. दिवसा हवा फुगून बाहेर जाते, रात्री दमट हवा आत येते. आत थंडावा मिळाला की त्यातल्या बाष्पाचे दव होते. समुद्रावरचे मीठही सोबत आले, तर तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढू लागतो.

म्हणून चांगल्या डब्याला श्वास घ्यायला एक छोटी खिडकी देतात. तिच्यावर ताणलेल्या टेफ्लॉनचा, रेनकोटात वापरतात तसा, सच्छिद्र पापुद्रा असतो. त्यातून हवा आणि बाष्प जाते, पण पृष्ठताणामुळे पाण्याचा थेंब अडतो. दाब सारखा राहिला की गॅस्केटवरचा ताणही उतरतो.

घरी एवढे करा. डबा उघडण्याआधी मेन स्विच बंद करा. रबर चपटे किंवा चिरलेले असेल तर बदला. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. एकच बाजू पिळली तर दुसरी उचलली जाते. केबल खालच्या बाजूने आत घ्या. हवेच्या छिद्रावर सिलिकॉन फासू नका. डब्यावर सावली करता आली तर उत्तम. आणि गच्ची धुवायची असेल तर ती भर दुपारी नको, डबे निवल्यावर धुवा.