कोरकूतील ‘आपण’

पाथर्डीहून दूर मेळघाटच्या अरण्यात कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा संताळीच्या कुळातली. २०११ च्या शिरगणतीत देशात तिचे ७,२७,१३३ भाषिक होते. ‘रंग’ म्हणताना गकारापूर्वी जो ङ उमटतो, तो कोरकूत शब्दाच्या शेवटीही ऐकू येतो.

आम्ही मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद करितो. कोरकूत तोही आहे, शिवाय दोघांकरिता निराळे शब्द आहेत. ऐकणाऱ्यासह दोघे असल्यास ‘आलङ’, पुष्कळ असल्यास ‘आबुङ’. ऐकणाऱ्यास वगळून पुष्कळ असल्यास ‘आले’.

अशा भाषेस रानटी कोण म्हणेल? तेथे जाणाऱ्या शिक्षकाने वा उपदेशकाने प्रथम ती शिकावी. एरव्ही तो मुखाने ‘आपण’ म्हणेल, परंतु ऐकणारा बाहेरच राहील.