शरीरातले लोखंड

देहूरोड स्टेशनावर उभे राहिलात तर रुळांच्या बाजूंवर चढलेला तांबूस गंज तुम्हांला दिसेल. तेच लोखंड आपल्या रक्तातही असते. मोठ्या माणसाच्या शरीरातले सगळे लोह गोळा केले तर ते भरेल जेमतेम ३ ते ४ ग्रॅम. एका अडीच इंची खिळ्याएवढे!

अन्नातून आपण रोज १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषून घेतो आणि झडणाऱ्या पेशींबरोबर साधारण तेवढेच गमावतो. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची वेगळी सोय शरीरात नाही. म्हणून यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करून आतड्याच्या दारावरच पहारा ठेवते.

हा पहारा टाळून लोह थेट रक्तात गेले तर? देहूरोडहून लोकलने तिसरे स्टेशन पिंपरी. तेथे १९४७ च्या फाळणीनंतर अनेक सिंधी कुटुंबे वसली. थॅलसेमिया या आनुवंशिक आजाराचे वाहक सिंधी समाजात बरेच आढळतात. इतर समाजांतही ते आहेतच. आई आणि वडील या दोघांकडूनही हा दोष आलेल्या मुलाला बहुधा दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एका पिशवीत सुमारे २०० मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला दोन पिशव्या धरून गुणाकार करा. वर्षाला ४,८०० मिलिग्रॅम, म्हणजे एका खिळ्याहून जास्त!

हे लोह यकृतात, हृदयात आणि ग्रंथींत साठते. त्याला पकडून शरीराबाहेर नेणारी औषधे आहेत. पूर्वी त्यासाठी रात्रभर पंपाची सुई टोचून निजावे लागे; १९९४ मध्ये भारतात डेफेरिप्रोन या औषधाला मान्यता मिळाली आणि तोंडाने घेण्याच्या औषधाची सोय झाली. अशी मुले आता मोठी होतात, कॉलेजात जातात. मग एखादा मित्र म्हणतो, "घे रे, एका ग्लासाने काय होते?"

काय होते ते पाहा. मद्यार्काचे विघटन यकृतातच होते आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. लोह आणि हे पेरॉक्साइड एकत्र आले की अत्यंत विध्वंसक कण जन्मतात. ही क्रिया फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवली होती. शिवाय मद्य हेप्सिडिन घटवते. पहारेकरीच झोपतो म्हणा ना! दक्षिण आफ्रिकेत लोखंडी पिंपांत गाळलेली घरगुती बिअर वर्षानुवर्षे पिणाऱ्यांची यकृते लोहाने भरून निकामी झालेली आढळली आहेत. म्हणूनच लोह साठलेल्या रुग्णाला डॉक्टर मद्य पूर्ण वर्ज्य सांगतात. तेव्हा मित्राने आग्रह न करणे हीच त्याला मदत.

आता थोडे माझ्या विषयाचे! साठलेले लोह चुंबकीय असते. एमआरआय यंत्राच्या क्षेत्रात ते शेजारच्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संदेश लवकर विझवते, त्यामुळे चित्रात यकृत काळे दिसते. संदेश किती मिलिसेकंदांत विझला यावरून, सुई न टोचता, लोह किती ते मोजता येते.