यकृत चरबीने का भरते?

बीड जिल्ह्यातील तलवाड्याच्या परिसरात कापूस पिकतो. जिनिंगमध्ये कापूस येतच राहिला, पण गाठी बाहेर गेल्या नाहीत, तर आवार भरून जाईल. यकृताचेही तसेच आहे. अन्नातून व शरीरातील साठ्यातून तेथे मेदाम्ले येतात. काही साखरेपासून तेथेच तयार होतात. त्यांतील काही जळून ऊर्जा देतात, उरलेल्यांची चरबी प्रथिनांच्या वेष्टनात बांधली जाऊन रक्तात जाते.

अंकुशकृमींवर १९२१ पासून औषध म्हणून वापरलेले कार्बन टेट्राक्लोराइड ही बांधणीच बिघडवते. मद्य ज्वलन मंदावते आणि चरबीची निर्मिती वाढवते. दोन्हींत यकृत चरबीने भरते, पण बिघडलेली वाट निराळी! म्हणूनच शास्त्रज्ञ या सर्व वाटांचा नकाशा मांडतात. विद्यार्थी मित्रांनो, तो वहीत काढून पाहा.