लाल ओळ आधी वाच

हे बघ भाचीबाई, गुलमंडीच्या हिमरूवाल्याचं बिलाचं पान तू जावास्क्रिप्टमध्ये करते आहेस ना, तर कन्सोलमध्ये लाल ओळ दिसली की कोड खोडत सुटू नकोस. ओळ शेवटपर्यंत वाच. ‘इज नॉट डिफाइन्ड’ म्हणजे ते नाव तू जाहीरच केलेलं नाहीस, नाहीतर स्पेलिंग चुकलंय. एक अक्षर कॅपिटल झालं तरी ब्राउझरच्या लेखी नाव वेगळं. ‘बिफोर इनिशियलायझेशन’ म्हणजे नाव आहे, पण जाहीर करायच्या आधीच वापरलंस. ‘ऑलरेडी डिक्लेअर्ड’ आलं तर पानाला जोडलेली दुसरी फाइलही उघडून बघ, ‘लेट’नं जाहीर केलेलं तेच नाव तिथंही असेल.

जे बदलणार नाही त्याला ‘कॉन्स्ट’. आता बदलणार नाही म्हणजे काय, २०२३ मध्ये आपल्या शहराचंच नाव बदललं! तेव्हा खाली कुठेतरी नवी किंमत भरशील तर ‘असाइनमेंट टू कॉन्स्टंट’ म्हणून अडवेल. बदल जाहीर केलेल्या ओळीतच कर.

भीती लाल ओळीची नाही, न बोलणाऱ्या चुकीची. १९९५ ची ही भाषा जात्याच सैल. जुन्या ‘व्हार’नं जाहीर केलेलं नाव आधी वापरलं तर ती तक्रार करत नाही, ‘अनडिफाइन्ड’ देते, आणि बेरजेत ‘नॅन’ छापून येतं. ‘लेट’, ‘कॉन्स्ट’ २०१५ पासून आहेत, तेच वापर. फाइलच्या डोक्यावर ‘यूज स्ट्रिक्ट’ लिही, म्हणजे चुकीच्या स्पेलिंगचं नवंच व्हेरिएबल गुपचूप तयार होणार नाही.

आणि एक, हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं. पण कीबोर्ड मराठीवर राहून दर २५० असा देवनागरी आकड्यांत गेला की ‘इनव्हॅलिड टोकन’. त्याहून चकवा ‘गिऱ्हाईक’चा. त्यातला ऱ्ह एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ नं होतो, दुसऱ्यावर साध्या र च्या मागं न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, ब्राउझरला मात्र दोन नावं. वर जाहीर केलेलं दिसतंय आणि खाली ‘नॉट डिफाइन्ड’! म्हणून माझं मत, नावं रोमनमध्येच ठेव, मराठी गिऱ्हाइकाला दिसेल तिथं. तरी शंका आलीच तर दोन्ही ओळींतलं नाव कॉपी करून अवतरणात टाक आणि ‘लेंग्थ’ विचार. एक ८ सांगेल, दुसरं ९. मग खालचं पुसून वरचंच पेस्ट कर.