वारा आणि विमान

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास तेथे पोहोचावयास किती वेळ लागेल? ‘आठ तास’, असे कोणीही सांगेल. परंतु वैमानिकाचे गणित एवढ्याने संपत नाही. या मार्गावर उंच आकाशात वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. समजा, वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे. लंडनला जाताना हा वारा समोरून येऊन विमानास रोखील व नऊ तास लागतील. परतताना तोच पाठीशी राहील. तेव्हा सात तास बारा मिनिटे पुरतील. केवळ अंतर पाहून आठ तासांचेच इंधन घेतले, तर लंडन ८०० किलोमीटर दूर असतानाच ते संपेल! म्हणून वाऱ्याचा हिशेब मांडून आणि काही इंधन राखीव ठेवूनच विमान उड्डाण करते.